बायबलमधलं 'सोडवणं' : किंमत दिली, पण घेतली कोणी?

रामबागकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. इंदूरमध्ये आमचा एक छोटा वाचनगट आहे. बहुतेक सगळे रिटायर झालेले, किंवा व्हायच्या बेतात असलेले. गीता झाली, धम्मपद झालं, गुरुग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांवरच्या बैठका तर फारच रंगल्या. आता बायबल घेतलंय आणि चिठ्ठ्या टाकल्या तर 'ख्रिस्ताने माणसाला सोडवलं म्हणजे नेमकं काय केलं' हा विषय माझ्या गळ्यात पडला.

चारही शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) वाचली, आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाची पत्रं वाचली. भाषा अवघड नाही, हिशोब अवघड आहे. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी माझा जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१८-१९) आहे की तुम्हाला सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या रक्ताने सोडवलं गेलं. बरं. किंमत दिली म्हणता, तर ती घेतली कोणी? देवाने घेतली असेल तर ती क्षमा कसली, ती वसुली झाली. सैतानाने घेतली असेल तर देव सैतानाचं देणं लागत होता की काय?

दुसरी अडचण घरचीच आहे. 'ज्याचं त्याने फेडायचं' हे लहानपणापासून कानावर पडलंय. माझं कोणी दुसऱ्याने फेडलं हे ऐकायला बरं वाटतं, पण घशाखाली उतरत नाही.

धर्मांतर हा विषय इथे कृपया नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कुठे जाऊन पोचतात तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

छत्रीबाग | रविवार, रात्री १०:०५

आत्तापासूनच जागा धरून ठेवतो. शंभरी नक्की.

जुनी_इंदूरकरीण | सोमवार, सकाळी ७:१५

रामबागकर, तुम्ही मागून सुरुवात केलीत. पौल आणि पेत्र दोघेही यहुदी. 'सोडवलं' म्हणताना त्यांच्या डोक्यात जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) होता, आणि तो त्यांनी वाचकाला समजावून सांगत बसायची गरज नव्हती. पत्रं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि त्यातल्या लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडा. तिथे स्वर्ग नाही, नरक नाही, आत्म्याच्या मोक्षाचं नावही नाही. शेतजमीन आहे, गरिबी आहे आणि भाऊबंद आहेत.

देव तिथे स्वच्छ सांगतो : जमीन माझी, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि कुळं आहात, म्हणून ती कायमची विकायची नाही (२५:२३). एखाद्यावर वाईट दिवस आले आणि त्याने वतन विकलं, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या नातलगाने पुढे येऊन ते सोडवायचं. कोणी नातलग नसेल आणि पुढे त्याच्याच हातात पैसा आला, तर त्याने उरलेल्या वर्षांचा हिशोब करून स्वतः सोडवायचं. तेही नाही जमलं तर पन्नासावं वर्ष, योबेल. त्या वर्षी रणशिंग वाजलं की जमीन मूळ घराकडे परत. आणि माणसाने कर्जापायी स्वतःलाच विकलं असेल तर भावाने, चुलत्याने, चुलतभावाने, रक्ताच्या कोणीही त्याला सोडवावं (२५:४७-४९).

'सोडवणारा' म्हणजे आधी हा. आकाशातून उतरलेला कोणी नाही, तुमचा सख्खा काका.

आता याच कायद्यावर चाललेलं एक प्रकरण बघा : रूथ, अध्याय ४. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी नवरा आणि दोन मुलगे गमावून परत आली आहे. सोबत मवाबी सून रूथ. नामीच्या नवऱ्याचं, अलीमलेखाचं शेत आहे, पण बायकांच्या हाती पैसा नाही. बवाज नातलग आहे, त्याची इच्छाही आहे, पण त्याच्याहून जवळचा एकजण आहे आणि हक्क आधी त्याचा. म्हणून बवाज गावच्या वेशीत जाऊन बसतो. तो माणूस जाताना दिसतो, तेव्हा "अरे अमक्या, इकडे ये, बस" म्हणून त्याला थांबवतो. गावातले दहा वडीलधारे बोलावून बसवतो. मग विषय काढतो : नामी शेत विकते आहे, सोडवतोस का?

तो लगेच 'सोडवतो' म्हणतो. शेत कोणाला नको असतं?

बवाज मग पुढचं सांगतो. शेताबरोबर रूथही येते, मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर चालवायचं आहे. झालं. गृहस्थ म्हणतात, माझ्याच वतनाचं नुकसान होईल, तूच सोडव. आणि पायातली वहाण काढून बवाजच्या हातात देतात. त्या काळी व्यवहार पक्का करायची तशी रीत होती. या घराण्यात पुढे दावीद जन्मला, आणि मत्तयने येशूची वंशावळ लिहिताना रूथचं नाव त्यात आवर्जून ठेवलं.

आमच्याकडे गुड फ्रायडेला बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात. लहानपणापासून ऐकते आहे. लेवीय उघडणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे, ही माझी जुनी तक्रार.

बँकेतला_निवृत्त | सोमवार, सकाळी ९:३०

ताई, दंडवत. इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकलो, पण हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं (तसंही मी कॉमर्सला होतो).

हयात गहाणखतं वाचण्यात गेली, म्हणून दोन पैसे माझेही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६० गहाण टाकणाऱ्याला कर्ज फेडून मालमत्ता परत घ्यायचा हक्क देतं, आणि तो हक्क बुडवणारी अट करारात घातली तरी कोर्ट ती मानत नाही. लेवीयवाला त्याच्या पुढे गेलाय. तिथे मुळात विक्री ही विक्रीच नाही. १५ आणि १६ ही वचनं बघा : योबेलपर्यंत वर्षं जास्त तर किंमत जास्त, वर्षं कमी तर किंमत कमी, कारण तुम्ही विकताय ती पिकांची संख्या. म्हणजे हा मुदतीचा पट्टा झाला. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र वेगळं : वर्षाच्या आत सोडवलं तर तुमचं, नाहीतर कायमचं गेलं. ज्याने हे लिहिलं त्याला शेतकऱ्याचं पोट आणि शहरातल्या घराची गुंतवणूक यातला फरक नीट कळत होता.

आणि त्या वहाणवाल्या गृहस्थांचं नुकसान काय होतं तेही सांगतो. पैसा यांच्या खिशातून जाणार, शेत यांनी कसायचं, आणि रूथला मुलगा झाला की खसऱ्यावर नाव चढणार मेलेल्या माणसाच्या वंशाचं. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मीही परत पाठवला असता.

छत्रीबाग | सोमवार, सकाळी ९:५२

म्हणजे बवाजने बुडीत खातं डोळ्यांदेखत घेतलं. +१

रामबागकर | सोमवार, दुपारी १:२०

ताई, काका, हे सगळं नवीनच आहे माझ्यासाठी. वाचनखूण साठवली. हे योबेल वर्ष प्रत्यक्षात कधी पाळलं गेलं का?

आणि माझा प्रश्न तसाच आहे हां. शेत सोडवताना पैसे खरेदीदाराला मिळतात, हे कळलं. वधस्तंभाच्या बाबतीत खरेदीदार कोण?

पाठ्यक्रमाबाहेर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

योबेल पाळल्याचा एकही प्रसंग बायबलमध्ये वर्णन केलेला नाही. उलट यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय वाचा. यरुशलेमेला वेढा पडल्यावर सिद्कीया राजा आणि सरदार घाबरून आपल्या इब्री दासदासींना मोकळं करतात, आणि वेढा जरा सैल पडताच पुन्हा धरून आणतात. संदेष्टा त्यावर जे बोललाय ते आजही कोणत्याही मालकसंघटनेला ऐकवावं असं आहे.

आता खरेदीदार. रामबागकर, हा तुमचा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत चौथ्या शतकात विचारून झालाय, आणि विचारणारा चर्चचा बिशप होता : नाझियान्झसचा ग्रेगरी. त्याच्या आधी ओरिजेनने आणि त्याच्याच काळात नीसाच्या ग्रेगरीने असं मांडलं होतं की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा खंडणी सैतानाला गेली. नीसाच्या ग्रेगरीने तर गळाचं चित्र रंगवलंय : ख्रिस्ताचं मानवी शरीर हे आमिष, आत दैवी स्वभावाचा आकडा, सैतानाने गिळलं आणि फसला. नाझियान्झसचा ग्रेगरी यावर भडकला. लुटारूला खंडणी, आणि तीही खुद्द देवाची? शी! मग पित्याला दिली म्हणावं, तर पित्याने आपल्याला कुठे डांबून ठेवलं होतं? आणि ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा बळी घेतला नाही, मेंढा पुढे केला, त्याला स्वतःच्या मुलाच्या रक्तात आनंद कसा वाटेल?

पुढे १०९८च्या सुमारास कँटरबरीच्या अन्सेल्मने सैतानाला हिशोबातून साफ बाहेर काढलं. त्याचं म्हणणं, माणसाने देवाचा मान बुडवला. ते देणं माणसाचं, पण फेडायची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-मानव हवा. सरंजामशाहीतला माणूस, त्याला मानापमान कळायचा. त्याच्यामागून आलेला आबेलार म्हणाला, देणंघेणं कसलं, हे प्रेम बघून माणसाचं मन पालटतं, तीच सुटका. सोळाव्या शतकात कॅल्विनने सगळं प्रकरण कोर्टात नेलं : शिक्षा आपली, भोगली त्याने. आणि १९३०च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ आउलेनने आठवण करून दिली की सुरुवातीच्या चर्चला हा मुळात विजय वाटत होता, मृत्यूवर आणि पापावर.

यातला अधिकृत कोणता? कोणताच नाही. ख्रिस्त कोण, यावर निकेया (३२५) आणि खाल्केदोन (४५१) इथल्या परिषदांनी काट्याच्या तोलाने शब्द ठरवले. त्याच्या मरणाने सुटका कशी होते, यावर तसा ठराव कधी झालाच नाही. निकेयाचा मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) 'आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी' एवढंच म्हणतो. पंथापंथांत जोर बदलतो, इतकंच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर उत्तर निर्गमात आहे, म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याच्या पुस्तकात. देव मोशेला म्हणतो, मी हात पुढे करून तुम्हाला सोडवीन (६:६). मिसरच्या राजाला, फारोला किती पैसे मिळाले? एक दमडी नाही. उलट निघताना इस्राएल लोकच मिसऱ्यांकडून सोन्याचांदीचे दागिने मागून घेऊन गेले. यशया ५२:३ मध्येही तेच, तुम्ही फुकट विकले गेलात, पैशावाचून सोडवले जाल. सोडवणाऱ्याला पडलेला खर्च खरा असतो. तो कोणाच्या तरी खिशात जातोच असं नाही.

तर्कटराव | सोमवार, रात्री ८:१०

विद्वत्ता जोरदार, पण मूळ मुद्दा चलाखीने बाजूला सारलात. येशूनेच सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या (लूक १५). पोरगं सगळं उडवून परत येतं, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. रक्त नाही, बळी नाही, मध्यस्थ नाही. देव असा असेल तर वधस्तंभाची गरज काय? आणि वधस्तंभ हवाच असेल तर ती गोष्ट खोटी.

शिवाय यहेज्केल १८:२० काय म्हणतो? जो पाप करील तोच मरेल, मुलाने बापाचा दोष वाहायचा नाही. रामबागकरांचं 'ज्याचं त्याने' बायबलमध्येच बसलंय की! स्तोत्र ४९ मध्ये तर सरळ आहे, भाऊ भावाला सोडवू शकत नाही, जिवाची किंमत फार मोठी आहे. मग एका निरपराध माणसाला सगळ्यांच्या बदल्यात मारणं कुठल्या न्यायात बसतं?

छत्रीबाग | सोमवार, रात्री ८:१२

आला, आला. शंभरी होणार म्हटलं होतं.

जुनी_इंदूरकरीण | मंगळवार, सकाळी ७:४०

तर्कटराव, वचनं अचूक काढलीत, मानलं. पण स्तोत्र ४९ अर्धंच वाचलंत. सातव्या-आठव्या वचनांत माणूस माणसाला सोडवू शकत नाही असं आहे, आणि पंधराव्यात 'पण देव माझा जीव अधोलोकाच्या तावडीतून सोडवील' असं आहे. ज्याला ऐपत आहे तो नातलग नाही आणि जो नातलग आहे त्याला ऐपत नाही, हा पेच स्तोत्रकर्त्याने तसाच मांडून ठेवलाय.

इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय हाच पेच हातात घेतो. मुलं रक्तामांसाची, म्हणून तोही त्यांच्यासारखाच रक्तामांसाचा झाला, आणि त्यांना भाऊ म्हणायला त्याला लाज वाटत नाही. आम्ही ख्रिस्ती लोक नाताळ वेगळा साजरा करतो आणि गुड फ्रायडे वेगळा, पण या पत्राच्या लेखकाला ती एकच गोष्ट वाटते. लेवीयच्या कायद्याने परका माणूस वतन सोडवू शकत नाही, मग तो कितीही श्रीमंत असो. आधी घरचा व्हावं लागतं.

म्हणून 'निरपराध माणसाला धरून मारलं' हे वर्णन मला पटत नाही. योहान १०:१८ मध्ये तो म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. आणि पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). देव एकीकडे रागावून बसलाय आणि येशू मध्ये पडून मार खातोय, असं चित्र काही प्रवचनांत रंगवतात खरं. मला ते कधीच आवडलं नाही, आणि त्रैक्याच्या सिद्धान्तात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) ते बसतही नाही.

उधळ्या पुत्राचं म्हणाल तर तिथे खर्च नाही असं कोण म्हणतं? धाकट्याने वाटणी मागितली तेव्हा बापाने संपत्ती दोघांत वाटून टाकली होती. पुढे बाप थोरल्याला म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. मग तो पुष्ट गोऱ्हा, तो झगा, ती अंगठी कोणाच्या वाट्यातली? थोरल्याच्या. आणि थोरला दाराबाहेर उभा राहून आत यायला नको म्हणतो. धाकट्याचं घरी येणं थोरल्याच्या जिवावर होतं, आणि या गोष्टीतला थोरला त्याला तयार नाही. ज्याने गोष्ट सांगितली तो तयार होता, असं आम्ही मानतो.

तर्कटराव | मंगळवार, सकाळी ८:३०

वाट्याचा मुद्दा चांगला आहे, डोक्यात नव्हता आला. बाकी असहमत. देवाला नातलग व्हायला मरावंच का लागावं, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

जुनी_इंदूरकरीण | मंगळवार, सकाळी ८:४४

व्हायला नाही लागत. राहायला लागतं. माणसाचा नातलग म्हटलं की माणसं जिथे शेवटी जातात तिथवर जाणं आलं.

नगरचा_नातू | मंगळवार, दुपारी १२:०५

सुखवस्तू चर्चा छान चालली आहे, जरा अवांतर. आमच्या पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना अन्सेल्म ठाऊक नव्हता. महारकीतून सुटणं एवढंच ठाऊक होतं. निर्गमातले लोक आपल्यासारखे आहेत हे त्यांना कोणी पटवून द्यावं लागलं नाही. सोडवणं हे त्यांच्यासाठी अंगाला लागणारं होतं : विटा, भाकर, मुकादमाचा चाबूक.

पुढचंही लिहितो, नाहीतर कोणीतरी ही जाहिरात समजेल. चर्चमध्ये आल्यावर जात सुटली नाही. सोयरीक जमवताना कोण कुठल्या गावचा, कोणत्या आडनावाचा, सगळं निघतं. आणि सरकारदरबारी १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती दलित बसत नाही. शीख १९५६ला आले, बौद्ध १९९०ला, आम्ही बाहेर. दोन्हीकडून सुटलेले, असं म्हणतो मी गमतीने.

गलतीकरांस ३:२८ मध्ये दास नाही, स्वतंत्र नाही असं आहे. पौल हे लिहितो आणि फिलेमोनाला पत्र लिहून अनेसिम नावाच्या दासाला मालकाकडे परतही पाठवतो. 'आता दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड' असं लिहितो, हे मान्य. पण परत पाठवतो.

पाठ्यक्रमाबाहेर | मंगळवार, दुपारी १:१५

नातू, हा प्रतिसाद खरं तर पहिला यायला हवा होता. फिलेमोनाच्या पत्रात सोडवण्याचा सगळा कायदा एका ओळीत आहे : नातं बदल आणि कर्ज माझ्या नावावर मांड. त्या मालकाने पुढे काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते मला खटकतं.

रामबागकर | मंगळवार, रात्री ९:००

मराठीत या विषयावर जुनं काही आहे का? गटातल्या मंडळींना घरचं नाव ऐकलं की बरं वाटतं.

बँकेतला_निवृत्त | मंगळवार, रात्री ९:२५

रेव्हरंड टिळक, दुसरं कोण? ना. वा. टिळक, १८६१ ते १९१९, बाप्तिस्मा १८९५. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. आणि मागे जायचं असेल तर फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण', गोव्यात १६१६ला छापलेलं, ओवीबद्ध. त्यात जुन्या कराराला पहिलं पुराण केलंय आणि येशूच्या कथेला दुसरं. ताईंनी सांगितलेला क्रम चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या कॅथलिक धर्मगुरूने) पाळला होता म्हणायचा.

महूवाला | बुधवार, सकाळी १०:३०

इतका वेळ नुसता वाचत होतो. इंदूरचा धागा आहे आणि सिस्टर राणी मारियांचं नाव अजून कोणी काढलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मूळ केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक संघातल्या जोगीण. देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करत. भूमिहीन मजूर सावकाराच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या अडकलेले. त्यांना बचतीला लावणं, बँकेकडून कर्ज मिळवून देणं, हे काम. सावकारांना ते बोचणारच. २५ फेब्रुवारी १९९५ला त्या इंदूरला यायला बसमध्ये बसल्या. वाटेत त्यांना प्रवाशांसमोर भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली, तो इंदूरच्या तुरुंगात होता. २००२मध्ये राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. २००६मध्ये तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आईला भेटला, तेव्हा तिने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

आमच्या ओळखीतले एक फादर म्हणायचे, याला तारण म्हणू नका, तारण ख्रिस्ताने केलं, ही त्याची फळं. असेल. मी कॅथलिक नाही, ख्रिस्तीही नाही. पण सावकाराच्या तावडीतून जमीन आणि माणूस सोडवणं इथून ताईंनी सुरुवात केली तेव्हा मला उदयनगरच आठवलं.

जुनी_इंदूरकरीण | बुधवार, सकाळी ११:१०

महूवाला, तुम्ही लिहिलंत ते वाचून उठले आणि जुन्या करारातलं गणना हे पुस्तक काढून बसले. अध्याय ३५. जवळच्या नातलगावर शेत सोडवण्याची जबाबदारी असते तशी आणखी एक असते : घरच्या माणसाचा खून झाला तर रक्ताचा सूड घेणं. तोच नातलग, तेच नातं. आणि ३१व्या वचनात बजावलंय की खुन्याच्या जिवासाठी खंडणी घ्यायची नाही, पैशाने हे प्रकरण मिटत नाही.

म्हणजे त्या कायद्याप्रमाणे राणी मारियांच्या रक्ताचा हक्क त्यांच्या घराचाच होता. सेल्मी त्या हक्काने आत गेली आणि त्याला भाऊ करून बाहेर आली. खंडणी नाही घेतली. राखी बांधली. फादर म्हणतात ते बरोबरच आहे, ही फळंच. पण झाड कोणतं ते फळावरून कळतं असं खुद्द प्रभूच म्हणून गेलाय.

तर्कटराव | बुधवार, सकाळी ११:४०

इथे मी वाद घालणार नाही.

छत्रीबाग | बुधवार, सकाळी ११:४१

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

रामबागकर | बुधवार, रात्री १०:१५

माझ्या वहीची पानं भरली. 'खरेदीदार कोण' हा प्रश्न मी आता मांडणीच्या मध्यावर ठेवणार आहे, सुरुवातीला नाही. 'ज्याचं त्याने' ची अडचण अजून पूर्ण गेलेली नाही, पण सोडवणारा परका नसतो हे लक्षात आल्यावर तिची धार कमी झाली.

एक शेवटचं. सोडवणं झालं म्हणता, मग जग आहे तसंच का आहे? लोक मरतात, सावकार जिवंत आहेत. हा प्रश्न हमखास येणार, आमच्याकडे एक निवृत्त न्यायाधीश बसतात.

पाठ्यक्रमाबाहेर | गुरुवार, सकाळी ८:००

पौल स्वतःच दोन्ही काळ वापरतो. इफिस १:७ मध्ये सुटका मिळालेली आहे. रोम ८:२३ मध्ये आपण शरीराच्या सुटकेची वाट बघत कण्हतो आहोत, सृष्टीसकट. न्यायाधीशसाहेबांना यिर्मया ३२ वाचायला द्या, त्यांच्या कामाचं आहे.

बाबेलचं सैन्य यरुशलेमेला वेढा देऊन बसलंय. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. शहर पडणार, हे तोच ओरडून सांगत होता, म्हणून तर आत टाकलाय. तेवढ्यात चुलतभाऊ हनामेल येतो : अनाथोथचं माझं शेत घे, सोडवायचा हक्क तुझा आहे. शत्रूने व्यापलेल्या मुलखातलं शेत! यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि एक मोहरबंद आणि एक उघडं अशी दोन्ही खतं आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगतो की मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हवीत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील म्हणून.

व्यवहार पुरा झाला आहे. ताबा मिळालेला नाही.

बँकेतला_निवृत्त | गुरुवार, सकाळी ८:२०

मोहरबंद प्रत वादासाठी आणि उघडी प्रत रोज बघण्यासाठी. अगदी पक्कं काम. न्यायाधीशांना आवडणार.

जुनी_इंदूरकरीण | गुरुवार, सकाळी ८:३५

रामबागकर, वेळ किती दिलाय तुम्हाला?

रामबागकर | गुरुवार, सकाळी ९:०२

वीस मिनिटं, मग चहा-पोहे, मग प्रश्न.

जुनी_इंदूरकरीण | गुरुवार, सकाळी ९:०५

मग अन्सेल्म गाळा. रूथचा चौथा अध्याय उभं राहून पूर्ण वाचून दाखवा, पाच मिनिटं पुरतात. गळाची गोष्ट कोणी विचारली तरच सांगा.

पाठ्यक्रमाबाहेर | गुरुवार, सकाळी ९:११

अन्सेल्म गाळायला विरोध नोंदवतो. पण गाळा.